प्लेट हाड जुळवते का?

माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका मध्यंतरी घरी आल्या होत्या. मानेतून उजव्या हातात उतरणारी कळ आणि बोटांना आलेला बधिरपणा यांमुळे त्या वर्षभर त्रस्त होत्या. औषधे झाली, व्यायाम झाले, मानेचा पट्टा झाला. आता शस्त्रक्रिया ठरली होती. रुग्णालयाने दिलेले दोन पानी माहितीपत्रक त्यांच्या हातात होते आणि त्यातील एका वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती : 'धातूची प्लेट बसवल्यामुळे हाडे लवकर आणि पक्की जुळतात.' दुसरीकडे एका नातेवाइकांनी बजावले होते की, प्लेट घातली की हाड आळशी होते. ''यातलं खरं काय?'' असा त्यांचा प्रश्न होता.

मी शल्यविशारद नाही. बल लावले असता पदार्थांमध्ये काय बदल होतात, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. प्लेट बसवून घ्यावी की नाही हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पण माहितीपत्रकातील वाक्य हे एक विधान आहे आणि कोणतेही विधान तपासता येते. वाक्य पुरते खोटे नाही. पण त्यात एक कर्ता चुकीचा आहे, एक शब्द अर्धवट आहे आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द गाळलेला आहे. नातेवाइकांचे वाक्यही त्याच मापाने तपासायला हवे.

शस्त्रक्रियेत काय होते?

आपल्या मानेत सात मणके असतात. पहिले दोन वगळता प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. ही गादी झिजली किंवा मागे सरकली, की तिचा दाब हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर अथवा मज्जारज्जूवर येतो. शस्त्रक्रियेत गळ्याच्या पुढच्या बाजूने, श्वासनलिका आणि अन्ननलिका अलगद बाजूला सारून, ती गादी काढून टाकतात. दाब गेला, मुख्य काम झाले. आता राहते ती रिकामी जागा. त्या जागेत हाडाचा छोटा ठोकळा बसवतात आणि कालांतराने वरचा मणका, ठोकळा आणि खालचा मणका मिळून एकच हाड तयार व्हावे अशी अपेक्षा असते.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील रॉबर्ट रॉबिन्सन आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९५५ मध्ये या पद्धतीची पहिली माहिती दिली आणि १९५८ मध्ये ती सविस्तर मांडली. त्याच वर्षी राल्फ क्लोवर्ड यांनी आपली वेगळी पद्धत प्रसिद्ध केली. यांपैकी कोणीही प्लेट वापरलेली नव्हती. ठोकळा कमरेच्या हाडाच्या कडेतून कापून घेत आणि रुग्णाला मानेचा पट्टा बांधत. पुढच्या बाजूने प्लेट बसवण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात युरोपात सुरू झाले. १९८० च्या दशकात जर्मनीतील वोल्फहार्ड कास्पार यांच्या प्लेटमुळे ही पद्धत रुळली आणि त्याच दशकात स्क्रू प्लेटमध्येच अडकून राहतील अशी टायटॅनियमची रचनाही आली. म्हणजे आधीची कित्येक वर्षे हाडे प्लेटविना जुळत होती.

कर्ता कोण?

यावरून वाक्यातील पहिली चूक लक्षात येते. प्लेट हाड जुळवत नाही. हाड जुळवतात त्या पेशी. ठोकळा बसवल्यावर तेथे आधी रक्त साकळते, मग नाजूक केशवाहिन्यांचे ऊतक तयार होते. त्यातून तंतू, काही ठिकाणी कूर्चा आणि शेवटी हाड घडते. घडलेले हाडही कायमचे नसते. अस्थिभक्षक पेशी ते पोखरत राहतात आणि अस्थिजनक पेशी नवे थर चढवत राहतात.

या ठोकळ्याला आपण हाडाचे 'कलम' म्हणतो. शब्द छान आहे, पण त्याने थोडी फसगत होते. आंब्याचे कलम बांधताना खुंट आणि काडी दोन्ही जिवंत असतात आणि दोन्हींच्या पेशी एकमेकींना येऊन मिळतात. हाडाच्या कलमाचा रक्तपुरवठा मात्र कापतानाच तुटलेला असतो, त्यामुळे त्यातील बहुतेक पेशी मरतात. तो ठोकळा म्हणजे मुख्यतः परांची. शेजारच्या मणक्यांतून रक्तवाहिन्या आणि पेशी त्यात शिरतात आणि जुने हाड थोडेथोडे खाऊन त्या जागी नवे बांधतात. दृष्टान्त एका बाबतीत मात्र नेमका लागू पडतो : कलमावर गुंडाळलेली फीत काडी आणि खुंट जोडत नाही, ती त्यांना हलू देत नाही. प्लेटचे काम त्या फितीचे आहे.

थोडे हलले तर काय बिघडते?

हलू न देणे एवढे महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग पाहू या. रबराची एक पट्टी १ सेंटिमीटर आणि दुसरी १० सेंटिमीटर लांबीची घ्या. दोन्ही १ सेंटिमीटरने ताणा. ताणणे सारखेच आहे. पण पहिली पट्टी दुप्पट झाली, म्हणजे तिच्यात १०० टक्के वाढ झाली, आणि दुसरीत फक्त १० टक्के. लांबीतील बदलाला मूळ लांबीने भागले की जे मिळते त्याला यांत्रिकीत विकृती म्हणतात. पेशींना जाणवते ती हालचाल नव्हे, ही विकृती.

स्वित्झर्लंडमधील स्टीफन पेरेन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच मुद्द्यावर हाड जुळण्याचा सिद्धान्त मांडला. जखम भरताना प्रथम तयार होणारे मऊ ऊतक सुमारे १०० टक्के विकृती सोसू शकते, कूर्चा सुमारे १० टक्के आणि पक्व हाड अवघी २ टक्के. ज्या फटीतील विकृती एखाद्या ऊतकाच्या सहनशक्तीपलीकडे आहे, त्या फटीत ते ऊतक तयार होऊच शकत नाही. कलम आणि मणका यांच्यामधली फट एक मिलिमीटरहूनही बारीक असू शकते. एवढ्या फटीत अर्धा मिलिमीटर हालचाल झाली तरी विकृती ५० टक्क्यांच्या पुढे जाते. तेथे हाड तयार होणार नाही. तंतूंची एक मऊ पट्टी मध्ये राहून जाईल. या न जुळलेल्या सांध्याला खोटा सांधा म्हणतात.

येथे आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. मोडलेला हात जुळतो तेव्हा मुळात एकच असलेले हाड पुन्हा एक होत असते. मानेत आपण निसर्गाने हलण्यासाठीच बनवलेला सांधा बंद करायला निघालो आहोत. गिळताना, बोलताना, झोपेत कूस बदलताना तो हलणारच. म्हणून प्लेटच्या बाजूचा युक्तिवाद मुळात भक्कम आहे.

हाड आळशी होते का?

आता नातेवाइकांचा आक्षेप. त्यालाही आधार आहे. जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले की, हाडाची घडण त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते. भार वाढला की हाड दाट होते, भार गेला की विरळ. अंतराळवीरांची हाडे विरळ होतात ती याच कारणाने. आणि टायटॅनियमचा मिश्रधातू दाट हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ असतो. दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी ठेवून त्यांवर वजन ठेवले, तर ताठ स्प्रिंग जास्त भार उचलते. तसेच प्लेट भार उचलील आणि कलमाच्या वाट्याला तो कमी येईल.

असे प्रत्यक्ष घडते का? हातापायांच्या हाडांत घडताना दिसले. बेल्जियमच्या रॉबेर डानिस यांनी १९४९ मध्ये घट्ट आवळलेल्या प्लेटखाली हाड कूर्चेची पायरी न घेता थेट जुळते हे दाखवले होते. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या शल्यविशारदांच्या एका गटाने 'पूर्ण घट्ट' हेच ध्येय ठरवले. पुढे प्लेटखालचे हाड विरळ होते असे आढळू लागले. भार कमी पडल्याने असे होते, असे अनेकांचे मत होते. पेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र वेगळे कारण दाखवले : प्लेट हाडावर दाबून बसल्याने तेथील रक्तपुरवठा बंद होतो. त्यावरून हाडाला कमीत कमी जागी टेकणाऱ्या प्लेट तयार झाल्या. म्हणजे हाड विरळ झाले, हे निरीक्षण खरे; पण 'आळस' हे त्याचे एकमेव कारण नव्हे.

१९८५ मध्ये इंग्लंडमधील अॅलन गुडशिप आणि जॉन केनराइट यांनी मेंढ्यांच्या पायाच्या हाडावर एक प्रयोग केला. काही मेंढ्यांत तुटलेले हाड पूर्ण घट्ट धरले. काहींत रोज थोडा वेळ, सुमारे एक मिलिमीटर इतकी मोजूनमापून हालचाल दिली. हालचाल दिलेली हाडे अधिक चांगली जुळली. हालचाल शून्य हवी असे नाही आणि मोकाटही नको; दोन्ही टोकांच्या मध्ये कोठेतरी लाभाची जागा आहे.

मात्र पायाच्या नळीसारख्या हाडावरचा निष्कर्ष उचलून मानेच्या मणक्याला चिकटवणे ही आणखी एक घाई ठरेल. मणक्याचा ठोकळा आतून जाळीदार असतो आणि त्याच्यावर मुख्यतः दाब येतो. शिवाय मानेत प्लेट फक्त पुढच्या बाजूला असते, आणि याचा परिणाम चमत्कारिक होतो. प्लेट नसताना मान पुढे वाकवली की कलमावर दाब वाढतो आणि मागे नेली की कमी होतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मृतदेहांच्या मणक्यांवरील एका अभ्यासात लांब कलमावर प्लेट बसवल्यावर हे चित्र उलटे झाले : मान पुढे वाकवली की कलमावरचा दाब उतरतो, मागे नेली की वाढतो. दारासारखा विचार करा. बिजागरी मागून पुढे नेली की दाराची कोणती बाजू उघडते, तेही बदलते. प्लेट भार फक्त कमी करत नाही. ती भाराची वाट बदलते.

आकडे काय सांगतात?

यांत्रिकी एवढेच सांगते की दोन्ही बाजूंना कारणे आहेत. प्रत्यक्षात कोणते कारण वरचढ ठरते हे रुग्णांवरूनच कळणार. २००७ मध्ये फ्रेझर आणि हार्टल यांनी आधीचे २१ अभ्यास एकत्र करून त्यांतील २,६८२ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. एकाच जागची गादी काढली असता, कलमही नाही आणि प्लेटही नाही अशा रुग्णांत हाड जुळण्याचे प्रमाण ८४.९ टक्के होते. कलम घातलेल्यांत ९२.१ टक्के आणि कलमावर प्लेट बसवलेल्यांत ९७.१ टक्के. लगतच्या दोन गाद्या काढल्या तेव्हा प्लेटविना ७९.९ आणि प्लेटसह ९४.६. तीन गाद्यांसाठी ६५.० आणि ८२.५.

पहिला आकडा पुन्हा वाचा. रिकाम्या जागेत काहीही न घालता शंभरातील सुमारे ८५ जणांची हाडे आपोआप जुळली. 'प्लेटमुळे जुळतात' या शब्दप्रयोगाचे यापेक्षा चांगले उत्तर मला सुचत नाही.

आता गाळलेल्या शब्दाकडे वळू. एका जागी प्लेटमुळे शंभर रुग्णांमागे पाच जणांचा जास्त लाभ होतो; म्हणजे एकाचे हाड जास्त जुळावे म्हणून वीस जणांना प्लेट बसवावी लागते. दोन जागी हाच फरक सुमारे पंधराचा आहे. तेथे सात जणांमागे एकाला लाभ होतो. माहितीपत्रकात 'किती जागी' हा शब्दच नाही आणि सारे उत्तर त्याच शब्दावर अवलंबून आहे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना येथे संभाव्यतेचे एक चांगले गणित देता येईल. एक जागा जुळण्याची संभाव्यता ०.९२१ असेल आणि दोन जागांचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर दोन्ही जुळण्याची संभाव्यता ०.९२१ चा वर्ग, म्हणजे सुमारे ८५ टक्के. तिन्हींसाठी घन, म्हणजे सुमारे ७८ टक्के. प्रत्यक्षात मिळाले ८० आणि ६५. म्हणजे प्लेट नसताना जागा वाढल्या की प्रत्येक जागेचेच नशीब खालावते. तरफ लांब होते, जुळवायच्या पृष्ठांची संख्या वाढते. प्लेट असताना ०.९७१ चा वर्ग सुमारे ९४ टक्के येतो आणि प्रत्यक्ष आकडा ९४.६ आहे. दोन जागांपर्यंत प्लेट ही घसरण जणू थांबवते. पण घन येतो सुमारे ९२ आणि प्रत्यक्षात मिळतात ८२.५. तीन जागांवर प्लेटही थकते. हे आकडे वेगवेगळ्या रुग्णांचे आहेत, म्हणून या गणिताला पुरावा म्हणू नये. दिशा दाखवण्यापुरतेच ते वापरावे.

'जुळले' हे कोणी ठरवले?

आकड्यांवर माझा एक मोठा आक्षेप आहे, आणि तो आकड्यांच्या मुळाशीच जातो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन जागी शस्त्रक्रिया झालेले ६० रुग्ण होते. प्लेट बसवलेल्या ३२ जणांपैकी एकातही खोटा सांधा आढळला नाही. प्लेट नसलेल्या २८ जणांपैकी ७ जणांत आढळला. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण हा अभ्यास जुन्या नोंदींवरून केलेला होता. कोणाला प्लेट बसवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. अशा अभ्यासांत रुग्णाचे वय, धूम्रपान, शल्यविशारदाचा वाढत गेलेला सराव यांपैकी कशाचेही श्रेय प्लेटच्या खात्यात जमा होऊ शकते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. हाड जुळले की नाही हे ठरवण्याची एक रूढ रीत अशी : मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन दोन क्ष-किरण छायाचित्रे काढायची आणि त्या जागी हालचाल दिसली नाही तर 'जुळले' म्हणायचे. पण हालचाल थांबवणे हेच तर प्लेटचे काम! हाड जुळलेले नसतानाही प्लेट त्या जागेला हलू देणार नाही आणि परीक्षेत पास करून टाकील. परीक्षार्थीच पर्यवेक्षक झाला तर निकालावर किती विश्वास ठेवायचा? म्हणून कलमातून सलग हाड आरपार गेलेले दिसते का, हे पाहणारे संगणकीय छेदचित्र अधिक भरवशाचे, जरी धातूमुळे त्यातही थोडे धूसर पट्टे उमटतात. दोन अभ्यासांचे टक्के शेजारी ठेवण्यापूर्वी दोघांनी 'जुळणे' कसे मोजले हे विचारलेच पाहिजे.

आणि जुळणे म्हणजे बरे होणे नव्हे. १९९७ मध्ये खोटा सांधा राहिलेल्या ४८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे एकतृतीयांश रुग्णांना काहीच त्रास नव्हता. रुग्णाला हवे असते ते दुखणे थांबणे. माहितीपत्रक छायाचित्रातील हाडाबद्दल बोलते.

लवकर, पण कोणत्या प्लेटने?

आता 'लवकर' हा शब्द. कलम जुळताना त्याची टोके आधी थोडी झिजतात आणि ठोकळा किंचित बसतो. स्क्रू आणि प्लेट एकमेकांत पक्के अडकलेले असतील, तर मणके वर-खाली तसेच धरून ठेवले जातात आणि कलमाच्या टोकाशी फट पडू शकते. म्हणून मणक्यांना थोडे खाली बसू देणाऱ्या, सरकत्या प्लेट निघाल्या. या दोन प्रकारांची तुलना चिठ्ठ्या टाकून केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री चाचणीत आहे. सरकत्या प्लेटने हाड अधिक लवकर जुळले आणि प्लेट-स्क्रूच्या तक्रारीही कमी झाल्या; पण मानेचा नैसर्गिक बाक जास्त प्रमाणात गेला. दोन वर्षांनंतर रुग्णांच्या प्रकृतीत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. घट्टपणा हाच गुण असता तर घट्ट प्लेट जिंकायला हवी होती. तेव्हा 'लवकर' आणि 'पक्के' हे दोन शब्द माहितीपत्रकात जसे हातात हात घालून चालतात, तसे ते प्रत्यक्षात चालत नाहीत.

प्लेटची किंमतही त्या पत्रकात नाही, आणि मी केवळ पैशांबद्दल बोलत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही काळ गिळायला त्रास होऊ शकतो. स्क्रू क्वचित सैल होतात. प्लेटचे टोक शेजारच्या निरोगी गादीच्या फार जवळ आले, तर तेथे नको असलेले हाड वाढते. २००५ मधील एका अभ्यासाने हे अंतर किमान ५ मिलिमीटर असावे असे सुचवले. उलट, प्लेटचा एक फायदाही पत्रकाने सांगितलेला नाही : ती आतून धरून ठेवते, म्हणून मानेचा पट्टा कमी दिवस वापरावा लागतो किंवा लागतही नाही.

वाक्य कसे असावे?

टीका करणाऱ्याने पर्यायही द्यावा. त्या माहितीपत्रकात मी असे लिहिले असते : 'तुमची हाडे तुमच्याच पेशी जुळवतील. प्लेट त्या जागेची हालचाल कमी करून त्यांना मदत करते. एकाच जागी शस्त्रक्रिया असेल तर ही मदत थोडी, दोन किंवा तीन जागी असेल तर बरीच. प्लेटचे काही त्रासही आहेत. ते तुमच्या बाबतीत किती, हे डॉक्टरांना विचारा.' चारच वाक्ये जास्त लागली, पण प्रत्येकाला पुरावा आहे.

शिक्षकांसाठी यात एक काम आहे. 'अमुकमुळे तमुक होते' असे वाक्य पाठ्यपुस्तकात, जाहिरातीत किंवा वर्तमानपत्रात आले की, विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : कशाच्या तुलनेत? कोणासाठी? आणि कसे मोजले? या तीन प्रश्नांना शस्त्रक्रियेचे ज्ञान लागत नाही.

त्या शिक्षिका हेच प्रश्न लिहून घेऊन आपल्या शल्यविशारदांकडे गेल्या. त्यांची एकच गादी काढायची होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की, एका जागी फरक थोडाच आहे. पण फळ्यासमोर लवकर उभे राहायचे असेल तर प्लेटमुळे पट्ट्याचे दिवस कमी होतील. त्यांनी प्लेट बसवून घेतली. माहितीपत्रक अजून तेच आहे.